कामाच्या वाटेवरची न्याहारी : बीड जिल्ह्यातील एका बदलाचा आढावा

प्रश्न कोणता?

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई. यांपैकी कोणत्याही गावात सकाळी सात ते दहाच्या दरम्यान बसस्थानकाजवळ, तहसीलसमोर किंवा सरकारी दवाखान्याच्या फाटकाशी गेले, तर पोह्यांच्या, इडलीच्या आणि भज्यांच्या गाड्यांभोवती माणसे उभी दिसतात. त्यांत अप-डाऊन करणारे शिक्षक, ग्रामसेवक आणि तलाठी असतात. बाजार समितीत माल घेऊन आलेले शेतकरी असतात, मजूरअड्ड्यावर कामाची वाट पाहणारे गवंडी आणि बिगारी असतात, रुग्णांचे नातेवाईक असतात, पहाटेच्या शिकवणीहून सुटलेली मुले असतात. पूर्वी यांपैकी बहुतेकांची सकाळ घरच्या भाकरीवर सुरू झाली असती, किंवा भाकरी फडक्यात बांधून सोबत आली असती. आता पाच मिनिटांत उभ्या उभ्या होणारी न्याहारी जिल्ह्याच्या अंगवळणी पडली आहे.

फास्ट फूडची चर्चा आपल्याकडे बहुधा बर्गर आणि पिझ्झाभोवती फिरते. बीडसारख्या जिल्ह्यात झटपट खाण्याचा खरा व्यवहार हातगाड्यांवर आणि टपऱ्यांवर चालतो, म्हणून हा आढावा त्याच व्यवहाराचा आहे. त्याबद्दल तीन प्रमुख भूमिका दिसतात. पहिली आरोग्याची : हे खाणे तेलकट, मैदायुक्त आणि अस्वच्छ आहे, सबब ते टाळावे. दुसरी वेळेची आणि श्रमाची : सकाळचे वेळापत्रकच असे झाले आहे की गाडा ही गरज ठरली आहे. तिसरी रोजगाराची आणि नियमनाची : गाडा हे कुणाचे तरी पोट आहे, तेव्हा त्याला जागा, पाणी आणि मान्यता द्यावी. या तिन्ही बाजू तपासल्यावर एक गोष्ट ठळक होते. वाद पदार्थांवर घातला जातो, पण त्याचे मूळ सकाळच्या वेळेत आणि त्या वेळेतले काम घरात कोणाच्या वाट्याला येते यात आहे. हे मान्य केले की लोकांना गाड्यापासून परतवण्यापेक्षा गाड्यावरचे खाणे सुधारणे अधिक फलदायी ठरते.

पार्श्वभूमी : न्याहारीची वेळ कशी सरकली

शेतीच्या दिवसात आधी काम आणि मग न्याहारी असा क्रम होता. पहाटे गुरांचे आवरायचे, शेत गाठायचे, उन्हाचा चटका लागण्याआधी दोन-तीन तास काम उरकायचे आणि नऊ-दहाच्या सुमारास बांधावर बसून भाकरी खायची. सोबत ठेचा, कांदा, शेंगदाण्याची चटणी, कधी पिठले, असले तर ताक. मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत रब्बी ज्वारी हे मुख्य धान्य होते. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रातून पुढे आलेल्या मालदांडी वाणाने या भागात घट्ट पाय रोवले, कारण ते कमी ओलाव्यावर येते आणि धान्याबरोबर कडबाही देते. नंतर कापूस आणि सोयाबीन या नगदी पिकांनी ज्वारीची जागा घेतली. घरच्या कणगीतली ज्वारी कमी झाली आणि रेशनवरचे गहू-तांदूळ वाढले. न्याहारीचे धान्य बदलले ते असे, शेतापासून.

नोकरीने हा क्रम उलटा केला. आता आधी खायचे आणि मग काम, शिवाय कामाची जागा घरापासून लांब. शासकीय कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हा कामाची वेळ सकाळी पावणेदहा ते सायंकाळी सव्वासहा अशी ठरली. शनिवार मोकळा झाला, पण रोजची सकाळ आखडली. अंबाजोगाईहून बीडला किंवा बीडहून आष्टी-पाटोद्याच्या खेड्यात जाणाऱ्याला पावणेदहाची हजेरी गाठायची, तर घर सातच्या आसपास सोडावे लागते. परळीच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणी पाळ्यांत काम चालते, तिथे पहाटपाळीच्या माणसाची न्याहारीची वेळ घराच्या चुलीशी कधीच जुळत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतच्या वर्गांची शाळा सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवण्याचे आदेश दिले, ते मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. म्हणजे सकाळ हा धोरणाचा विषय आहे, हे शासनाने एका बाजूने मान्य केलेले आहे. त्या सकाळी खायचे काय आणि कधी, याचा विचार मात्र त्या आदेशांत आलेला नाही.

जगात इतरत्रही याच मार्गाने हा बदल झाला आहे. मुंबईत वडापावाची सुरुवात १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर झाली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. गिरणीची पाळी आणि लोकल यांच्यामध्ये सापडलेल्या कामगाराला एका हातात धरून खाता येईल असे काही हवे होते. अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या आरंभी हर्ब पीटरसन यांनी मॅकडोनाल्डसाठी पावात अंडे घालून एग मॅकमफिन आणला, तोही सकाळच्या न्याहारीसाठी. हीच कंपनी १९९६ मध्ये भारतात आली, आणि २०१७ मध्ये मुंबईत सकाळचे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी तिला मसाला डोशाच्या चवीचा पाव करून पाहावा लागला. यातून दोन गोष्टी कळतात. कामाची वेळ आणि घरापासूनचे अंतर वाढले की न्याहारी रस्त्यावर येते. आणि ती रस्त्यावर आली तरी माणसाला सकाळी चव आपल्या ओळखीचीच लागते. बीडच्या गाड्यांवर बर्गरऐवजी पोहे आणि भजे दिसतात याचे कारण हेच आहे.

खर्चाचे आकडेही या बदलाला दुजोरा देतात. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या घरगुती खर्च पाहणीनुसार ग्रामीण भारतात दरडोई मासिक खर्चातील ९.६२ टक्के वाटा पेये, फराळाचे पदार्थ आणि प्रक्रिया केलेले खाणे यांवर जातो, तर तृणधान्यांवर ४.९१ टक्के. मोफत मिळालेल्या रेशनची किंमत या आकड्यात धरलेली नाही, म्हणून धान्याचा वाटा दिसतो त्याहून प्रत्यक्षात थोडा जास्त आहे. तेवढी सूट देऊनही, खेड्यातले कुटुंब विकत घेतलेल्या धान्यापेक्षा चहा-फराळावर अधिक खर्च करते हे उरतेच. बाहेरचे खाणे ही शहराची चैन राहिलेली नाही.

गाड्यावर नेमके काय मिळते

चर्चेत सगळे पदार्थ एकाच माळेत ओवले जातात, म्हणून ते वेगळे करून पाहणे भाग आहे. पोहे भिजवून निथळले जातात. मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची आणि हळदीची फोडणी होते, त्यात शेंगदाणे आणि कांदा पडतो. तयार पोहे उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर ठेवलेल्या परातीत झाकून ठेवतात, त्यामुळे तास-दोन तास ते मऊ आणि गरम राहतात. देताना वर शेव, कोथिंबीर आणि लिंबाची फोड. मराठवाड्याचे खास खाणे म्हणजे सुशीला. चुरमुरे भिजवून पिळून त्यांना पोह्यांसारखीच फोडणी द्यायची आणि वर डाळव्याचे कूट घालायचे. इडली वाफेवर होते. भजे, आलूबोंडा, वडापाव आणि पुरी हे तळणाचे प्रकार. त्याशिवाय टपरीवरचा चहा आणि त्यासोबत खारी, टोस्ट किंवा बिस्कीट. ही न्याहारी सर्वांत घाईची आणि सर्वांत कसहीन असते, पण तिला कोणी फास्ट फूड म्हणत नाही.

पोषणाच्या दृष्टीने या पदार्थांत मोठी तफावत आहे. शंभर ग्रॅम कच्च्या पोह्यांत सुमारे साडेसात ग्रॅम प्रथिने असतात आणि ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम. तंतूंच्या बाबतीत ज्वारी पोह्यांच्या बरीच पुढे आहे. लोहाच्या बाबतीत मात्र पोहे मागे नाहीत, आणि वर पिळलेल्या लिंबातले क जीवनसत्त्व ते लोह शरीरात शोषायला मदत करते. पण पोह्यांची बशी संपते न संपते तोच हातात चहा येतो. चहातील टॅनिन लोहाला बांधून ठेवते, म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनात जेवणाच्या तासभर आधी आणि नंतर चहा-कॉफी टाळावी असे सांगितले आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयी आढळल्या. अशा राज्यात, लिंबाने दिलेले चहाने काढून घ्यावे, ही गोष्ट क्षुल्लक नाही. गाडा चांगला की वाईट या ठोकळ प्रश्नापेक्षा, गाड्यावर काय घेतले आणि कशासोबत घेतले हा प्रश्न म्हणूनच अधिक उपयोगी आहे.

सकाळी खाल्लेच पाहिजे का?

न्याहारी हे दिवसातले सर्वांत महत्त्वाचे खाणे, हा समज जितका पसरला आहे तितका त्याला पुरावा भक्कम नाही. या विचाराच्या प्रसारामागे अमेरिकेतील तयार धान्य-पदार्थांच्या उद्योगाचा मोठा हात होता. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ मध्ये १३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात न्याहारी करणाऱ्यांच्या पोटात दिवसाला सरासरी २६० उष्मांक जास्त गेल्याचे आणि न्याहारी टाळल्याने वजन वाढत नसल्याचे दिसले. त्याच वर्षी अमेरिकेतील साडेसहा हजार प्रौढांच्या दीर्घ पाहणीत, न्याहारी कधीच न करणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण ८७ टक्के अधिक आढळले. हे दोन निष्कर्ष एकमेकांना खोडत नाहीत. पहिला अभ्यास वजनाचा आणि थोड्या काळाचा आहे, दुसरा हृदयाचा आणि दीर्घ काळाचा. शिवाय दुसऱ्यात, न्याहारी टाळणारे लोक धूम्रपान, दगदग, अपुरी झोप अशा इतर कारणांनीही वेगळे असू शकतात.

बीडच्या संदर्भात याहून महत्त्वाची मर्यादा अशी की या अभ्यासांतील माणसे बहुतांशी पाश्चात्त्य देशांतली आहेत. सेंट्रिंगच्या फळ्या उचलणाऱ्या बिगाऱ्याला किंवा ऊसतोडीच्या फडात मोळ्या वाहणाऱ्या बाईला न्याहारी टाळून वजन आटोक्यात ठेवण्याचा सल्ला देण्यात अर्थ नाही. तिला उष्मांक लागतात, आणि ते सकाळीच लागतात. बैठे काम करणाऱ्या कारकुनाची गोष्ट वेगळी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी अभ्यासात सुमारे १० कोटी भारतीयांना मधुमेह असल्याचा आणि आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आला आहे. त्या कारकुनाला सकाळचे तीन आलूबोंडे परवडणारे नाहीत. एकाच गाड्यासमोर शेजारी शेजारी उभ्या असलेल्या या दोघांच्या गरजा निराळ्या आहेत, त्यामुळे सरसकट सल्ला दोघांपैकी एकाला चुकीचाच ठरतो.

पहिली भूमिका : आरोग्याची काळजी

गाड्यावरच्या खाण्याविरुद्धचे आरोग्याचे आक्षेप तीन आहेत आणि तिन्ही गंभीर आहेत. पहिला तेलाचा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात घातक संयुगे साठत जातात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून अशा संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली, आणि २०२२ च्या जानेवारीपासून तेल-वनस्पती तुपातील ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली. नियम चांगले आहेत. परंतु वापरलेल्या तेलाची नोंद ठेवण्याची सक्ती दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना आहे. भज्यांचा गाडा त्याच्या जवळपासही पोहोचत नाही. म्हणजे ज्या कढईतून जिल्ह्याची सकाळ तळली जाते, ती नोंदीच्या कक्षेबाहेर आहे.

दुसरा आक्षेप स्वच्छतेचा. वर्तमानपत्राच्या शाईतील रसायने गरम आणि तेलकट पदार्थात उतरतात, म्हणून छापील कागदात खाद्यपदार्थ देण्यास मनाई आहे. तरीही भजे कागदावरच येतात. पाण्याचा प्रश्न याहून मोठा. कमी पावसाच्या या जिल्ह्यात उन्हाळ्यात घरच्या नळालाच रोज पाणी नसते. गाडेवाल्याकडे दिवसभरासाठी दोन-चार कॅन असतात. त्यातच पिणे, त्यातच स्वयंपाक आणि त्यातच बशा विसळणे. हात धुण्याची पाळी शेवटी येते.

तिसरा आक्षेप संतुलनाचा. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये जाहीर केलेल्या आहार-मार्गदर्शनानुसार दिवसाच्या उष्मांकांपैकी तृणधान्यांतून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत. डाळी, कडधान्ये, अंडी-मांस यांचा वाटा १४-१५ टक्के असावा. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला असल्याचा अंदाजही त्यात आहे. गाड्यावरची न्याहारी पिठूळ आणि तेलकट बाजूला झुकते, भाजी आणि प्रथिने तिच्यात कमी पडतात. यावर असे म्हणता येईल की चटणी-भाकरीही काही संतुलित नाही. ते खरेच आहे, पण भाकरीत तंतू जास्त आणि तेल कमी, हा फरक उरतोच.

याच भूमिकेतील लोक हल्ली अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा मुद्दा मांडतात. ब्राझीलच्या कार्लोस मोन्तेरो यांनी मांडलेल्या नोव्हा वर्गीकरणावर तो उभा आहे. अमेरिकेत केविन हॉल यांच्या गटाने २०१९ मध्ये २० जणांवर केलेल्या प्रयोगात, अतिप्रक्रियायुक्त आहार घेताना माणसे दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खातात असे दिसले. हे निष्कर्ष बीडच्या गाड्याला सरळ लावता येत नाहीत. समोर फोडणी दिलेले पोहे किंवा वाफवलेली इडली या वर्गात बसत नाही. तळलेले भजे आरोग्याला जड असले तरी कारखान्यातले नाहीत. उलट, घरात बसून खाल्लेला बिस्किटाचा पुडा मात्र या वर्गात नेमका बसतो. घरचे म्हणजे चांगले आणि बाहेरचे म्हणजे वाईट, ही विभागणी इथे मोडते.

दुसरी भूमिका : वेळ आणि श्रम

गाड्याची बाजू घेणारे सोयीवर बोट ठेवतात, तेव्हा त्यांना आळशी ठरवले जाते. तो निवाडा घाईचा आहे. घरी खाऊन निघा, या सल्ल्यात एक न बोललेले वाक्य दडलेले असते : कुणीतरी त्याआधी उठून करा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत दरी जवळपास तेवढीच राहिली. सातला निघणाऱ्या माणसासाठी भाकरी व्हायची, तर घरातल्या बाईला पाचला उठावे लागते. ती स्वतः शिक्षिका, परिचारिका किंवा अंगणवाडी सेविका असेल, तर तिला दोन नोकऱ्यांची तयारी एकाच पहाटे करावी लागते.

हा ताण सर्वांत उघडा दिसतो तो ऊसतोड कामगारांमध्ये. दसरा-दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या फडांवर जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत तिथेच राहतात. मुकादमाकडून उचल घेताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे कामाचा हिशेब दोघांचा मिळून. चुलीचा हिशेब मात्र एकटीचा. टोळी पहाटे अंधारात फडावर निघते, त्याआधी कोपीसमोर (तात्पुरत्या झोपडीसमोर) तीन दगडांच्या चुलीवर दिवसभराच्या भाकऱ्या तिने थापलेल्या असतात. आरोग्याच्या भाषेत ही आदर्श न्याहारी : ताजी, ज्वारीची किंवा बाजरीची, तेल नसलेली. पण तिची किंमत त्या बाईच्या झोपेने चुकवली जाते. गाड्यावरची न्याहारी आणि घरची न्याहारी यांची तुलना फक्त ताटातल्या पदार्थांवर केली, तर ही किंमत कुठेच लिहिली जात नाही.

घरची भाकरी स्वस्त पडते, हा आक्षेप यावर घेतला जातो. पिठाचा आणि सरपणाचा हिशेब केला तर ती स्वस्तच आहे. पण ती स्वस्त राहते ती करणारीच्या श्रमाला दाम नसल्यामुळे. तो दाम धरला की गाड्यावरची पोह्यांची बशी महाग वाटत नाही. दुसरा आक्षेप असा, की पुरुषांनी चुलीशी उभे राहावे म्हणजे प्रश्न सुटेल. ही अपेक्षा रास्त आहे आणि तिच्यात कोणतीही सवलत देऊ नये. मात्र वरचे आकडे सांगतात की हा बदल फार संथ आहे. तोवर जिल्ह्याने न्याहारीविना थांबावे, असे कोणी म्हणणार नाही.

तिसरी भूमिका : गाडेवाले आणि कायदा

गाडा हा खाणाऱ्याची सोय असतो तसाच चालवणाऱ्याचा संसारही असतो. थोड्या भांडवलात, थोड्या शिक्षणात आणि बिनशेतीत उभा राहणारा हा धंदा दुष्काळी जिल्ह्यात अनेकांना गाव सोडण्यापासून वाचवतो. त्याला कायद्याचा आधार आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने विक्रेत्यांची नोंदणी, विक्रीसाठी ठरवलेल्या जागा आणि नगर पथविक्रेता समिती यांची तरतूद केली. समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावेत, असा नियम आहे. अन्न सुरक्षा नियमांनी लहान विक्रेत्यांसाठी सोपी नोंदणी ठेवली आणि तिची फी वर्षाला १०० रुपये ठरवली. २०२० मध्ये आलेल्या पीएम स्वनिधी योजनेतून पहिल्या टप्प्यात सुरुवातीला १० हजार रुपयांचे विनातारण कर्ज मिळू लागले.

कागदावर ही चौकट पुरेशी वाटते. तिच्या आतली विसंगती अशी की कर्ज एका खात्याचे, जागा नगरपरिषदेची आणि तपासणी अन्न व औषध प्रशासनाची. गाडेवाल्याला तिघेही वेगवेगळ्या वेळी भेटतात. पाण्याचा नळ आणि सांडपाण्याची गटार देणे ही मात्र कोणाचीच ठळक जबाबदारी नाही. अतिक्रमणविरोधी मोहीम आली की आज असलेला गाडा उद्या दिसत नाही. उद्याची खात्री नसलेला माणूस स्टीलच्या टाकीवर आणि झाकणाच्या कपाटावर पैसे घालत नाही, हे साधे अर्थकारण आहे. स्वच्छतेचा अभाव हा पुष्कळदा अस्थिरतेचा परिणाम असतो. सिंगापूरने १९७० आणि ८० च्या दशकांत रस्त्यावरचे विक्रेते नळ, गटार आणि छप्पर असलेल्या केंद्रांत हलवले, भाडे माफक ठेवले आणि मग नियम कडक केले. तिथली ती खाद्यसंस्कृती २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. बीडची नगरपरिषद म्हणजे सिंगापूर नव्हे, तेवढा पैसा इथे नाही. पण आधी सोय आणि मग सक्ती, हा क्रम घेण्यासारखा आहे आणि त्याला सिंगापूरएवढा पैसा लागत नाही.

शासनाने स्वतः स्वस्त न्याहारी द्यावी, हा या चर्चेतला आणखी एक पर्याय. महाराष्ट्राला याचा पूर्वानुभव आहे. १९९५ नंतर एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू झाली आणि पुढे बंद पडली. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली, पण ती दुपारच्या जेवणाची आहे. तमिळनाडूत २०१३ पासून अम्मा उपाहारगृहांनी सकाळी एक रुपयात इडली दिली. कर्नाटकात २०१७ पासून इंदिरा कॅन्टीनने पाच रुपयांत न्याहारी दिली. तमिळनाडूने २०२२ पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांनाही सकाळचा नाश्ता सुरू केला. समर्थक म्हणतात की भुकेची वेळ सकाळची आहे, तर मदतही सकाळीच हवी. विरोधक अनुदानाचा भार दाखवतात, आणि अशी केंद्रे सरकार बदलले की कोमेजतात याकडे लक्ष वेधतात. झुणका-भाकर केंद्रांची गत पाहता दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे.

जे अजून सुटलेले नाही

काही प्रश्नांवर आज निर्णायक बोलता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी तळलेले पदार्थ किती वेळा खाल्ले हे विचारते. ते सकाळी खाल्ले की संध्याकाळी, घरचे होते की गाड्यावरचे, याचा छडा त्यातून लागत नाही. त्यामुळे न्याहारी गाड्यावर गेल्याने एखाद्या जिल्ह्याच्या आरोग्यावर काय परिणाम झाला, हे आकड्यांत मांडता येत नाही आणि दोन्ही बाजू आपापल्या अंदाजावर बोलतात. दुसरा प्रश्न वर्गीकरणाचा. नोव्हाची चौकट आपल्या पदार्थांना कशी लावायची, शेवेसह पोहे कुठे आणि बेकरीच्या पावातला वडा कुठे, यावर एकमत नाही. तिसरा प्रश्न ज्वारीचा. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरे झाले, पण ज्वारीची भाकरी गाड्याच्या वेगात बसत नाही. ती एकेक थापावी लागते आणि ताजीच चांगली लागते. ज्वारीची इडली, धपाटे किंवा ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा हे पदार्थ गाड्याला पेलतात. ते रोज खपतील का, याचे उत्तर गिऱ्हाईकच देईल.

सर्वांत मोठा आक्षेप तत्त्वाचा आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवे. गाड्याला पाणी, जागा आणि मान्यता दिली तर तळलेल्या खाण्याला सरकारी शिक्का बसेल आणि घरची चूल आणखी थंडावेल, असे म्हटले जाते. चूल गाड्यामुळे थंडावली असती, तर गाडे हटवल्यावर ती पेटली असती. कोविडच्या टाळेबंदीत गाडे बंद होते आणि लोकांनी घरीच खाल्ले, कारण तेव्हा कामावर जायचे नव्हते. कचेऱ्या आणि बस सुरू झाल्या तसे गाडेही परतले. कारण वेळेचे आहे याची याहून चांगली कसोटी मिळणे कठीण. कामाची वेळ आणि अंतर कायम ठेवून गाडा हटवला, तर माणूस भाकरीकडे वळत नाही. तो चहा-बिस्किटावर दिवस काढतो किंवा उपाशी जातो.

कुठे पोहोचलो

तिन्ही भूमिका एकत्र ठेवल्या की त्या वाटतात तितक्या परस्परविरोधी नाहीत. आरोग्याच्या बाजूने तेल, पाणी आणि प्रथिने यांबाबतचे तीन दोष नेमके दाखवले आहेत. वेळेच्या बाजूने गाडा का टिकून आहे हे सांगितले आहे. रोजगाराच्या बाजूने दोष दूर करण्याचा मार्ग कोणत्या माणसाच्या हातातून जातो हे स्पष्ट केले आहे. या तिन्हींतून निघणारी कामे मोठी नाहीत. बसस्थानक, बाजार समिती आणि दवाखाना या तीन ठिकाणी विक्रीची पक्की जागा ठरवून नळ आणि गटार देणे. अन्न सुरक्षा नोंदणीचे शिबिर आणि कर्जाचे शिबिर एकाच दिवशी, एकाच मांडवात भरवणे. छोट्या कढईतले वापरलेले तेल गोळा करून नेण्याची सोय करणे, म्हणजे ते ओतून देण्यात गाडेवाल्याचे नुकसान होणार नाही. उमेद (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचतगटांना ठरलेल्या जागांपैकी काही जागा देऊन उसळ, उकडलेली अंडी, धपाटे आणि सुशीला यांचे गाडे लावू देणे. यात बाईचे स्वयंपाकाचे कौशल्य पहिल्यांदा मोबदल्यावर येते, हा लाभ वेगळाच.

खाणाऱ्याच्या हातातही काही आहे. भज्यांऐवजी पोहे किंवा इडली, वर लिंबू, सोबत मोडाची उसळ, आणि चहा तासाभराने. मात्र व्यक्तीच्या निवडीवर सगळा भार टाकून चालणार नाही, कारण जे गाड्यावर मांडलेलेच नाही ते निवडता येत नाही. पावणेदहाची हजेरी, रोजचा लांबचा प्रवास आणि पहाटे पाचची चूल ही या प्रश्नाची खरी मापे आहेत. ती बदलायला वर्षे लागतील, आणि ती बदलण्याचा आग्रह सोडू नये. तोपर्यंत जिल्ह्याची सकाळ गाड्यावरच सुरू होणार आहे. म्हणून तिथे स्वच्छ पाणी, ताजे तेल आणि मूठभर कडधान्य पोहोचवणे हे नगरपरिषद, अन्न प्रशासन आणि ग्राहक या तिघांचे आजचे काम ठरते.